मूठ मोडते का, आणि टिकते कशी?



गेल्या वर्षी हनुक्काच्या सुट्टीत मी, माझी थोरली बहीण आणि तिचा आठ वर्षांचा नातू असे तिघं एक विज्ञानाचं म्युझियम बघायला गेलो होतो. तिथे वस्तू काचेच्या पेटीत ठेवलेल्या नसतात. सगळं हाताने फिरवून, दाबून, ओढून बघायचं असतं. एका टेबलावर हाताने वीज तयार करायचं यंत्र होतं. दांडा फिरवला की समोरचे दिवे लागायचे. नातवाने जोरात फिरवून सगळे दिवे पेटवले आणि म्हणाला, "सफ्ता, आता तू."

ताईचं वय ८१. पंचवीस वर्षं तिने इथल्या कापडगिरणीत काढली आणि नंतर संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली. दांड्याच्या टोकाला लिंबाएवढी गुळगुळीत गोळी होती, ती काही तिच्या हातात राहीना. दोनदा प्रयत्न केला, दांडा पाव फेराही गेला नाही. मग तिने हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला आणि म्हणाली, "तूच फिरव बाबा, मी बघते." शेजारच्या यंत्राचा लीव्हर तर मोडूनच पडला होता. त्यावर "मेकुल्काल" अशी चिठ्ठी, म्हणजे बिघडलेलं आहे.

बसमध्ये ताई गप्प होती. मी मात्र विचार करत बसले की एक मूठ कोणाच्या तरी ताकदीमुळे मोडली, आणि तिच्या शेजारची मूठ ताकद नाही म्हणून फिरली नाही. मग ही मूठ बनवणाऱ्याने करावं तरी काय?

आमचा जावई दुसऱ्या गावातल्या एका लहान म्युझियमच्या वर्कशॉपमध्ये अशी यंत्रं दुरुस्त करतो. पुढचे दोन महिने मी त्याला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. तो म्हणाला, "ईमा, तुम्ही नर्स आहात की इन्स्पेक्टर?" त्याने जे समजावलं आणि मला स्वतःला वॉर्डातल्या अनुभवावरून जे पटलं, ते इथे लिहिते. आपल्यापैकी बरेच जण नातवंडांबरोबर अशा ठिकाणी जातात, आणि यंत्र चाललं नाही की आपल्यालाच काही जमत नाही असं समजून बाजूला होतात.

प्रथम थोडा इतिहास. जर्मनीत म्युनिकला ऑस्कर फॉन मिलर नावाच्या इंजिनिअरने १९०३ साली एक म्युझियम स्थापन केलं आणि १९२५ साली ते इसार नदीतल्या बेटावर उघडलं. तिथे लोकांना बटणं दाबू द्यायची, दांडे फिरवू द्यायचे, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती. पुढे १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोला एक्सप्लोरेटोरियम सुरू झालं. ते सुरू करणारे फ्रँक ओपेनहायमर हे अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे भाऊ, आणि स्वतःही भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी म्युझियमचं वर्कशॉप पडद्यामागे न ठेवता लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवलं. मोडलेलं यंत्र तिथेच उघडायचं, तिथेच दुरुस्त करायचं. शिवाय आपली यंत्रं कशी बनवली त्याच्या कृती त्यांनी स्वयंपाकाच्या पुस्तकासारख्या छापून इतरांना दिल्या. मुंबईचं वरळीचं नेहरू सायन्स सेंटर १९८५ सालचं आणि जेरुसलेमचं ब्लूमफील्ड म्युझियम १९९२ सालचं. ही सगळी याच कुळातली.

आता मोडतोडीकडे येते. आपल्या घराच्या दाराची घंटा दिवसातून फार तर सहा वेळा वाजते, म्हणजे वर्षाला सुमारे २२०० वेळा. म्युझियममध्ये दिवसाला ४०० माणसं आली आणि प्रत्येकाने एक बटण पाच वेळा दाबलं, तर दिवसाला २०००, आणि वर्षातले ३०० दिवस धरले तर सहा लाख वेळा. घरची घंटा तेवढी वाजायला २७० वर्षं लागतील! म्हणून घरगुती बटण तिथे लावलं तर ते टिकणारच नाही. वर्कशॉपवाले पैसे टाकून खेळायच्या मशीनची बटणं वापरतात. त्यांच्या आतला छोटा स्विच बऱ्याचदा एक कोटी दाबांसाठी बनवलेला असतो.

पण नुसता स्विच चांगला असून भागत नाही. मुलं बटण बोटाने दाबत नाहीत, बुक्की मारतात. साध्या बटणात त्या बुक्कीचा सगळा मार आतल्या नाजूक पत्रीवर बसतो. चांगल्या बटणात वरची टोपी थोडी खाली जाऊन भक्कम कडेवर टेकते, मार टेबलाला बसतो, आणि स्विच बाजूला असतो, त्याला जाता जाता फक्त स्पर्श होतो. जावयाने मला एक बटण उघडून दाखवलं तेव्हा कडेच्या फटीत च्युइंगगम निघाला. "हे रोजचंच आहे," म्हणाला.

दांड्याची गोष्ट अजून गंमतीची आहे आणि ती मला आधीपासून थोडी माहीत होती. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन मी कामाला लागले तेव्हा वॉर्डातल्या पलंगांच्या पायथ्याशी फिरवायचा दांडा असे. फिरवला की पाठीकडची बाजू वर यायची. (जाता येता तो नडगीला लागायचा. माझ्या वयाच्या कुठल्याही नर्सला विचारा.) रोग्यांचे नातेवाईक मदत म्हणून तो फिरवायचे आणि पाठ पूर्ण वर आली तरी फिरवतच राहायचे. आतल्या स्क्रूचे आटे जायचे आणि पलंग तसाच अडकायचा. एका रात्री ऑपरेशन झालेल्या बाईंचं बी.पी. उतरलं. त्यांना ताबडतोब सपाट झोपवायचं होतं, आणि पलंग बसत्या स्थितीत अडकलेला. आम्ही दोघींनी त्यांना गादीसकट उचलून शेजारच्या पलंगावर घेतलं. बाई वाचल्या, पण माझी कंबर त्या रात्रीपासून अजून बोलते. नंतर जे पलंग आले त्यांत शेवट आला की दांडा कटकट करत नुसताच मोकळा फिरायचा. कितीही जोर लावा, आत काही मोडत नसे.

म्युझियममधल्या चांगल्या दांड्यातही हेच करतात. दांडा आणि यंत्र यांच्यामध्ये एक क्लच बसवतात. ठरलेल्या जोरापर्यंत तो पकड धरतो. त्याहून जास्त जोर आला की घसरतो, आणि जोर कमी झाला की पुन्हा पकडतो. मी जावयाला म्हटलं, म्हणजे तुम्ही मुलांशी भांडतच नाही. तो म्हणाला, भांडून कोणी जिंकलेलं नाही.

लीव्हरचा हिशेब त्याने मला कागदावर करून दाखवला. समजा ३० सेंटिमीटरचा लीव्हर आहे आणि ४० किलोचं मूल त्याच्या टोकाला लटकलं (मुलं लटकतातच, ते गृहीत धरायचं). लीव्हरला अडवणारा खुंट जर सांध्यापासून ५ सेंटिमीटरवर, आत यंत्रात असेल, तर त्याच्यावर सहापट, म्हणजे २४० किलोचा भार येतो. तोच खुंट हाताच्या जवळ, सांध्यापासून २० सेंटिमीटरवर लावला तर भार फक्त ६० किलो. लोखंड तेच, मूल तेच, फक्त खुंटाची जागा बदलली. त्या दिवशी मोडलेला लीव्हर आठवून मी विचारलं, तिथे काय झालं असेल? तो हसून म्हणाला, न बघता निदान करायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

सांध्यांविषयी एवढं सांगते की दांडा शाफ्टवर नुसता स्क्रू आवळून बसवला तर तो थोड्याच दिवसांत ढिला होतो. मोठं माणूस एकाच दिशेने फिरवतं, पण मूल पुढे फिरवतं, मध्येच झटक्याने मागे फिरवतं. तो उलटा झटका स्क्रूला खातो. म्हणून शाफ्टला खाच पाडून त्यात लोखंडाची चावी बसवतात, म्हणजे दांडा शाफ्टवर सरकूच शकत नाही. आणि यंत्र दोन्ही दिशांना चालेल असंच करतात.

आता मुठीकडे येऊ, कारण ताईचा प्रश्न तिथेच अडला होता. आपल्या मराठीत हाताच्या मिटलेल्या बोटांनाही मूठ म्हणतात आणि कोयत्याच्या दांड्यालाही मूठच म्हणतात. हिब्रूत दांड्याला "यादीत" म्हणतात, तोही "याद" म्हणजे हात यावरूनच आलेला शब्द.

दांडा गोल फिरतो तेव्हा मूठ स्वतःच्या खिळीवर मोकळी फिरली पाहिजे, सायकलचं पॅडल फिरतं तशी. ती घट्ट बसली असेल तर प्रत्येक फेऱ्यात तळहाताची कातडी घासते आणि मनगट पिळावं लागतं. ताईने धरलेली गोळी जाम झालेली होती, हे मी त्याच दिवशी बोट लावून पाहिलं होतं. शिवाय गोळी लहान होती. लहान वस्तू धरायला चिमटीचा जोर लागतो, आणि चिमटीचा जोर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याला फार महाग पडतो. बोटांच्या टोकाशी एक किलोचा जोर लावला तर त्या सांध्यावर बारा पटींपर्यंत भार येऊ शकतो. तुमच्यापैकी ज्यांना बाटलीचं झाकण उघडताना अंगठ्याच्या बुडाशी कळ येते, त्यांना हे सांगायला नको. संधिवाताच्या रोग्यांना जेवता यावं म्हणून आम्ही चमच्याच्या दांडीला फोम गुंडाळून ती जाड करायचो. जाड मूठ तळहाताने धरता येते, बोटं पूर्ण मिटावी लागत नाहीत.

अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठी याबाबत नियम आहेत. यंत्राचा दांडा, बटण किंवा मूठ एका हाताने चालवता आली पाहिजे. घट्ट पकड, चिमटी किंवा मनगट पिळणं लागता कामा नये. आणि जोर पाच पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण सव्वादोन किलोपेक्षा, जास्त लागू नये. इस्राएलमध्येही अपंगांच्या समान हक्कांचा कायदा १९९८ साली झाला. पण मला सगळ्यात आवडली ती एक साधी परीक्षा: हाताची मूठ घट्ट मिटायची आणि मिटलेल्या मुठीनेच यंत्र चालवून बघायचं. चाललं तर ताईलाही चालवता येईल, पक्षाघाताच्या रोग्यालाही, आणि एका हातात आइस्क्रीम धरलेल्या मुलालाही. आमच्या वॉर्डात नर्सला बोलवायची घंटा वायरच्या टोकाला असायची, अंगठ्याने दाबायची. ज्यांचा अंगठा चालत नसे ते बिचारे वाट बघत पडून राहायचे. काहींसाठी नंतर तळव्याएवढं चपटं बटण आलं, ते कोपराने सुद्धा दाबता यायचं.

इथे एक अडचण आहे, आणि ती मी जावयासमोर ठेवली तेव्हा त्यालाही विचार करावा लागला. विजेच्या यंत्रात दांडा जड लागणं हाच तर धडा आहे. एक दिवा लावला तर दांडा हलका, चार लावले तर जड, कारण वीज फुकट येत नाही, हाताच्या मेहनतीतून येते. जुना ६० वॅटचा दिवा हाताने पेटता ठेवायचा तर तरुण माणसालाही घाम फुटतो. सगळंच हलकं केलं तर मूल शिकणार काय? मग त्याने सांगितलं की पहिला दिवा अगदी छोटा ठेवायचा, तो कोणाच्याही हाताने पेटावा. पुढचे ज्याला झेपतील त्याने लावावेत. दुसरं म्हणजे दांड्याचा हात लांब करायचा. १० सेंटिमीटरचा २० केला तर जोर निम्मा लागतो, फक्त हात मोठ्या वर्तुळात फिरतो. पण लांब दांड्यावर दांडगं मूल दुप्पट मार देऊ शकतं, म्हणून आतला क्लच चांगला हवा. बेअरिंगही जाड हवं, धूळ जाऊ नये म्हणून दोन्हीकडून बंद केलेलं. मला वाटायचं की मजबूत म्हणजे जड आणि घट्ट. तसं नाही. दांडा हाताला हलका लागावा, आणि मजबुती आत, जिथे हात पोहोचत नाही तिथे असावी.

स्वच्छतेवर दोन शब्द, नाहीतर माझ्यातली नर्स मला माफ करणार नाही. २०२० साली कोरोना आला तेव्हा अशी सगळी म्युझियमं बंद झाली, आणि उघडल्यावरही हात लावायची यंत्रं झाकून ठेवावी लागली. मग पुसापुशी सुरू झाली. पण अॅक्रिलिकच्या मुठी आणि झाकणं स्पिरिटने वारंवार पुसली तर त्यांत केसासारख्या बारीक चिरा पडतात, आणि त्यांत मळ अजून बसतो. स्टीलची मूठ स्पिरिटला भीत नाही. लाकडाची मूठ हाताला सगळ्यात गोड लागते, पण ती साबणाच्या पाण्याने पुसून लगेच कोरडी करावी लागते. शेवटी सगळ्यात मोठा उपाय म्हणजे यंत्रांच्या खोलीजवळ हात धुवायची जागा.

आता आपल्या घरचा विषय. आमच्या ज्येष्ठांच्या क्लबात कोकणातल्या जुन्या वस्तूंची एक खोली करायचं चाललं आहे. कोणी नारळ खवायची विळी दिली आहे, कोणी पाटा-वरवंटा, आणि एका कुटुंबाने आजीचं जातं दिलं आहे, बोटीने आणलेलं. कमिटीचं म्हणणं की जातं काचेत ठेवावं, मोडेल. मी म्हटलं, इतकी वर्षं पिठं दळली तेव्हा मोडलं नाही, आता नातवंडांनी चार फेरे काढल्याने मोडणार आहे का? जात्याचा खुंटा बघा. दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि लाकडाचा खुंटा झिजतो, हलायला लागतो. मग आजी नवा खुंटा ठोकून बसवायची, दगडाला काही होत नसे. जावयाला हे सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, आम्हीही तेच करतो. जे झिजणार ते स्वस्तातलं आणि पाच मिनिटांत बदलता येईल असं ठेवायचं, आणि त्याचे चार नग कपाटात तयार ठेवायचे.

जात्याची एकच भीती खरी आहे, ती म्हणजे बोट चेंगरण्याची. त्यासाठी वरची तळी उचलली जाणार नाही अशी आतून अडकवायची. फिरणाऱ्या आणि स्थिर भागांमधली फट एकतर मुलाचं बोट जाणार नाही इतकी बारीक ठेवायची, नाहीतर बोट अडकणार नाही इतकी मोठी. यंत्रांच्या नियमांत बोटासाठी ही मोठी फट २५ मिलिमीटर धरतात. मधली फट सगळ्यात वाईट. आणि जातं जमिनीवर न ठेवता टेबलावर घट्ट बसवायचं, खाली गुडघे जातील एवढी जागा सोडून, म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही जवळ येता येईल. कमिटीने अजून होकार दिलेला नाही. ज्यांना माझं म्हणणं पटतं त्यांनी पुढच्या सभेला यावं, कारण मी एकटी पडते.

तुम्ही नातवंडांबरोबर गेलात आणि एखादी मूठ तुमच्या हाताला जमली नाही तर गुपचूप बाजूला होऊ नका. तिथल्या माणसाला सांगा. जावई म्हणतो की मोडलेल्या यंत्राची तक्रार त्यांच्यापर्यंत लगेच येते, पण जे यंत्र चालू आहे आणि कोणाला तरी चालवता येत नाही, त्याची तक्रार कधीच येत नाही.

पुरिमच्या सुमाराला जावयाने त्यांच्याकडच्या विजेच्या यंत्रासाठी नवीन मूठ करायला घेतली. लाकडाच्या तीन मुठी करून घरी आणल्या आणि ताईच्या पुढ्यात ठेवल्या. पहिली गोल होती, ती तिने हातसुद्धा न लावता बाजूला सारली. दुसरी जाड होती, बरी म्हणाली. तिसरी आडवी होती, लाटण्यासारखी, दोन्ही हात मावतील अशी, आणि बोटं न मिटता नुसत्या तळव्याने ढकलता येईल अशी. ती तिने बराच वेळ हातात धरून ठेवली.

ती बसवल्यावर आम्ही तिला घेऊन गेलो. ताई खुर्चीत बसली, दोन्ही तळवे टेकवले आणि ढकललं. पहिला दिवा लागला. मग दुसरा. तिसऱ्याला दांडा जड झाला तशी ती पुढे वाकली, पण थांबली नाही. "ह्यात काय आहे," मला म्हणाली, "आजीच्या जात्याला याहून जोर लागायचा." मागे शाळेच्या मुलांची रांग लागली होती. नातू तिची बाही ओढून म्हणाला, "सफ्ता, दाय!" पुरे म्हणून. तिने त्याच्याकडे बघितलं आणि आणखी चार फेरे काढले.